पावसाळी टेकडी : चढणीपेक्षा उतरणीची काळजी

आषाढ लागला की उस्मानपुऱ्यातील माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. तो विचारायला बहुधा दोघे जण येतात. एक साठी-सत्तरी ओलांडलेले गृहस्थ किंवा गृहिणी, आणि सोबत मुलगा, सून किंवा लेक. वडीलधाऱ्यांना टेकडीवर जायचे असते आणि मुलांना ते मुळीच पसंत नसते. "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा बाबांना," असे सून म्हणते. त्याच वेळी बाबा माझ्याकडे अशा नजरेने पाहतात की, पुढची वीस वर्षे आपण यांचा रक्तदाब तपासायचा आहे की नाही, याचा मला विचार पडावा.

या भांडणात दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असते, म्हणून आज त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या शहराला उत्तरेकडून टेकड्यांचा शेजार लाभला आहे. क्रांती चौकातून मिलकॉर्नरमार्गे विद्यापीठाच्या दिशेने निघालात की थोड्याच वेळात त्या समोर दिसू लागतात. गोगाबाबा टेकडी, हनुमान टेकडी आणि त्याच अंगाला औरंगाबाद लेणी. विद्यापीठ १९५८ साली सुरू झाले, लेणी मात्र सहाव्या-सातव्या शतकातली. म्हणजे या उतारांवर माणसाची ये-जा तेराशे-चौदाशे वर्षांची तरी आहे. उन्हाळ्यात या टेकड्यांकडे पाहवत नाही. करपलेले गवत, तापलेला काळा दगड आणि पायाखाली घसरणारा मुरूम. पण मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की सारे पालटते. हिरवळ धरते, ढग माथ्याला टेकतात, वारा गार होतो. ज्याने तिशी-चाळिशीत रोज सकाळी ही टेकडी चढली आहे, त्याला अशा दिवसांत घरी बसवणे हे औषधाच्या चिठ्ठीने होण्यासारखे काम नव्हे.

आणि ते करूही नये, असे माझे मत आहे. पावसाळाभर घरात बसण्याची किंमत दिसत नाही, पण ती मोजावी लागते. २००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी काही निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणावर विश्रांती घ्यायला लावली. एवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील स्नायूंसह मऊ पेशींचे वजन सुमारे एक किलोने घटले. घरात बसणे म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे, हे मान्य. पण आमच्याकडे ज्येष्ठांच्या पावसाळ्याचे स्वरूप काय असते? सकाळी खुर्ची, दुपारी पलंग, संध्याकाळी दूरदर्शन संच. असे चार महिने गेले की दिवाळीत पाट्यावरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना कठड्याला लटकावे लागते. मग घरचे म्हणतात, "बाबा एकदम थकले हो यंदा." बाबा एकदम थकलेले नसतात. ते जूनपासून रोज थोडे थोडे थकत आलेले असतात.

शिवाय आपला पाऊस काही कोकणातला नाही. वर्षाकाठी सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतांश जून ते सप्टेंबर या महिन्यांत आणि तुटक तुटक. झड लागली तर दोन-तीन दिवस, एरवी सर येते आणि उघडीप पडते. टेकडीसाठी ती उघडीप पुरेशी असते. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढील व्यक्तींनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. त्याबरोबर तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत, असेही म्हटले आहे. छोटी टेकडी या दोन्ही गोष्टी एकत्र करून घेते.

आता सूनबाईंच्या बाजूने बोलतो. त्यांची भीती निराधार नाही. या वयात खुब्याचे हाड मोडणे ही आयुष्याची दिशा बदलणारी घटना असते. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी अनेकांना पूर्वीसारखे स्वतंत्रपणे हिंडता-फिरता येत नाही. काहींच्या मागे न्यूमोनिया, पायाच्या शिरांत रक्ताची गाठ, अंथरुणातील जखमा असे एकेक लागत जाते. मात्र ही भीती चुकीच्या जागी धरली जाते, असे मला वाटते. घरच्यांना काळजी असते चढण्याची, म्हणजे हृदयाची आणि धापेची. पावसाळ्यात छोट्या टेकडीवर खरा धोका असतो तो उतरण्याचा.

चढताना काय होते ते पाहा. हृदयाचे ठोके वाढतात, दम लागतो, माणूस आपोआप थांबतो. श्वास ही शरीराने लावलेली घंटाच आहे. उतरताना हृदयावर फारसा भार नसतो, धाप लागत नाही, म्हणून थांबावेसे वाटत नाही. गप्पा रंगतात, चहाची आठवण होते, पावले उचलली जातात. पण त्याच वेळी मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू अत्यंत अवघड काम करीत असतो. चढताना तो आखडून शरीर वर ढकलतो, उतरताना मात्र तो ताणला जात असतानाच शरीराचे वजन आवरून धरतो. हे काम स्नायूला जास्त इजा करणारे असते. टेकडी उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या यामुळे. शिवाय चढण चढून तो स्नायू आधीच दमलेला असतो. दमलेला स्नायू गुडघा ऐनवेळी सोडून देतो आणि नेमका तेव्हाच पायाखाली शेवाळलेला दगड असतो.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशोब सांगितला होता. ओल्या, उघड्या माळरानांच्या टेकड्यांवर हिंडणारे त्या देशातले लोक आजही तो वापरतात. तीन मैल चालायला एक तास धरावा आणि दोन हजार फूट चढायला आणखी एक तास. आपली टेकडी तीनशे फुटांची धरली तर चढणीपायी जेमतेम दहा मिनिटे वाढतात. हा हिशोब धडधाकट माणसांचा आहे. आपण तो सरळ दुप्पट करावा. परंतु मला त्यातली एक उणीव महत्त्वाची वाटते. नेस्मिथने उतरणीसाठी वेगळा वेळ धरलेलाच नाही. ज्येष्ठांनी पावसाळ्यात उतरायला निदान चढण्याइतका वेळ राखून ठेवावा. अर्ध्या तासात वर गेलात, तर खाली यायला पाऊण तास लागला तरी कमीपणा मानू नये.

आपल्या टेकड्यांची जमीनही समजून घेतली पाहिजे. खाली सलग काळा कातळ, त्यावर मुरमाचा सुटा थर आणि खोलगट जागी चिकट काळी माती. कोरड्या दिवसांत मुरूमच घसरतो. पावसात तिन्ही घसरतात, पण तीन तऱ्हांनी. कातळावर हिरवट-काळे शेवाळ धरते. ते ओले असताना चमकते, म्हणून चमकणाऱ्या दगडावर पाय ठेवू नये. मुरूम भिजला की कातळावरून वाळूसारखा सरकतो. काळ्या मातीची गोष्ट निराळी. ती बुटाच्या तळाला थापत जाते, दहा-वीस पावलांत तळाच्या खाचा भरून टाकते आणि चांगला बूटही गुळगुळीत होतो. मधून मधून थांबून, कडेच्या दगडावर तळ घासून ती काढावी लागते. तळ झिजलेले जुने बूट "पावसात कशाला नवे खराब करा" म्हणून बाहेर काढले जातात, ही आपल्या घरांतली अत्यंत घातक काटकसर आहे. पावसाळ्यातच खोल खाचांचे, टाच धरून ठेवणारे बूट हवेत. चप्पल, सपाता आणि गुळगुळीत तळाच्या सँडल यांना टेकडीवर स्थान नाही.

श्रावणात पुष्कळ जण श्रद्धेने अनवाणी चालतात. भद्रा मारुतीला खुलताबादपर्यंत पायी जाणारेही माझ्या रुग्णांत आहेत. श्रद्धेविषयी मी काही म्हणणार नाही. पण ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः ज्यांच्या तळपायांना बधिरता किंवा मुंग्या जाणवतात, त्यांनी अनवाणी एक पाऊलही चालू नये. काटा रुतल्याचे त्यांना कळत नाही आणि कळते तेव्हा जखम चिघळलेली असते. देवाला हे ठाऊक असते, असे मी त्यांना सांगतो. बहुतेकांना ते पटते.

हातात काय घ्यावे? छत्री नको. ती एक हात अडवते, पुढची वाट झाकते आणि माथ्यावरच्या वाऱ्यात माणसालाच ओढते. अंगाभोवती सैल बसणारा, पण पायात न येणारा रेनकोट बरा. दुसऱ्या हातात काठी घ्यावी. काठीची उंची अशी की, हात सरळ खाली सोडल्यावर मूठ मनगटाशी यावी. एक गुडघा दुखत असेल तर काठी विरुद्ध बाजूच्या हातात धरायची; अनेक जण नेमके उलटे करतात. काठीच्या टोकाचे रबरी बूच झिजले असेल तर ती काठी आधार देण्याऐवजी दगा देते. बूच औषधांच्या दुकानात मिळते आणि अगदी थोडक्या पैशांत बदलता येते. पायऱ्यांवर एक साधा नेम ठेवावा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

भगिनींसाठी एक वेगळी सूचना. साडीचा खालचा काठ भिजला की जड होऊन टाचेखाली येतो. टेकडीवर साडीच नेसायची असेल तर निऱ्या घोट्याच्या वर खोचाव्यात. सलवार-कुर्ता वापरायला संकोच वाटू नये. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातील किती तरी आजी तो घालून फिरायला जाऊ लागल्या आहेत आणि मला त्याचा आनंद आहे.

चष्म्याविषयी सहसा कुणी बोलत नाही. जवळचे आणि लांबचे अशा दोन नंबरांच्या काचा एकाच चष्म्यात असतील, तर खाली पाहताना नजर जवळच्या नंबरातून जाते. वाचायला ते ठीक. पण पायाजवळची पायरी अंधुक दिसते आणि तिची खोली कळत नाही. नियमित बाहेर फिरणाऱ्या ज्येष्ठांनी फिरण्यासाठी केवळ लांबच्या नंबराचा एक साधा चष्मा वेगळा करून घ्यावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची झाली असेल आणि दुसरी व्हायची असेल, तर तेवढे दिवस टेकडीऐवजी सपाट रस्ता बरा. त्या काळात अंतराचा अंदाज चुकतो.

उतरायला सुरुवात करण्यापूर्वी माथ्यावर दहा मिनिटे बसावे. घोटभर पाणी प्यावे. वाटेत लघवीला कुठे जायचे, या विवंचनेने आपले ज्येष्ठ पाणीच पीत नाहीत आणि पावसाळ्यात तहानही जाणवत नाही. त्यातून चक्कर येते. उतरताना पावले लहान, गुडघे किंचित वाकलेले, वजन पायांच्या बरोबर वर. घसरण्याच्या भीतीने माणूस मागे झुकतो आणि मागे झुकल्यानेच टाच पुढे निसटते. उतार तीव्र असेल तर आडवे, नागमोडी उतरावे. एखाद्या जागी धीर होत नसेल तर खाली बसून सरकत उतरावे. कपडे मळतील, ते धुता येतात.

सोबत जाणाऱ्यांना चार शब्द. आईवडिलांचा दंड घट्ट पकडून त्यांना ओढू नका. त्याने त्यांचा तोल जातो आणि ते पडले तर तुम्हीही पडता. आपला खांदा किंवा कोपरापासूनचा हात त्यांना धरू द्या. पकड त्यांची असावी. चढताना तुम्ही मागे राहा, उतरताना एक-दोन पावले पुढे आणि थोडे बाजूला. "चला लवकर, पाऊस येतोय" हे वाक्य टेकडीवर उच्चारू नये. भिजल्याने सहसा कुणाचे मोडत नाही, घाईने मोडते.

तरीही कुणी पडलेच, तर आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. दोघे धावत येतात, काखेत हात घालून पडलेल्याला उभे करतात. कृपया असे करू नका. त्यांना आहे तसे राहू द्या, बोला, कुठे दुखते ते विचारा. मांडीच्या सांध्यात किंवा जांघेत कळ असेल, एक पाय आखूड वाटत असेल किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले दिसत असेल, तर खुबा मोडला असे समजून हलवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंगावर कोरडे काही पांघरावे. ओल्या कपड्यांत वाऱ्यावर पडून राहिल्यास वृद्ध शरीर झपाट्याने गारठते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या व्यक्तीच्या डोक्याला मार लागला, तर वरून खरचटलेलेसुद्धा नसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. आतला रक्तस्राव काही तासांनी लक्षात येतो.

औषधांचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी थोडे. रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी आणि प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या यांमुळे बसलेल्या जागेवरून एकदम उठल्यास रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. माथ्यावरच्या विश्रांतीनंतर उठताना आधी दोन्ही पाय हलवा, मग उभे राहा, क्षणभर थांबा आणि मगच पाऊल टाका. हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही. तेव्हा मनगटावरच्या घड्याळातील आकड्यांवर विसंबू नका. चालता चालता सलग एक वाक्य बोलता आले पाहिजे, ही कसोटी सर्वांत सोपी. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी मुळीच जाऊ नये आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी. कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये. डॉक्टरांना "मी टेकडीवर जातो" एवढे सांगावे, ते वेळ बदलून देऊ शकतात.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, एकाएकी घाम यांपैकी काहीही झाले तर तिथेच बसावे आणि मदत मागवावी. मधुमेहींना आणि स्त्रियांना कधी कधी छातीत दुखत नाही, नुसती धाप लागते किंवा न पेलणारा थकवा येतो, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे.

कुणी जाऊच नये, तेही सांगतो. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय, गेल्या वर्षभरात कारण न कळता पडलेल्यांनी तपासणी झाल्याशिवाय आणि ताप, जुलाब किंवा खोकला असताना कुणीच. इतरांनी घरीच एक छोटी परीक्षा द्यावी. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर बसावे, हात छातीवर बांधावेत आणि पाच वेळा पूर्ण उठून बसावे. जवळ कुणीतरी उभे असावे. यास पंधरा सेकंदांहून जास्त लागत असतील, तर मांड्या अजून टेकडीला तयार नाहीत. पंधरा-वीस दिवस रोज हाच व्यायाम करावा, कठडा धरून जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात आणि पुन्हा परीक्षा घ्यावी. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना हा गृहपाठ फार आवडला. सेकंद मोजायचे काम त्यांनी आक्षेप घेणाऱ्या सुनेकडेच दिले. महिन्याभराने ती स्वतःच त्यांच्याबरोबर टेकडीवर जाऊ लागली, आता तिचाच दम आधी लागतो अशी तिची तक्रार आहे.

विजांबाबत मात्र तडजोड नाही. मराठवाड्यात पावसाच्या आरंभी आणि परतीच्या पावसात वीज पडून दरवर्षी माणसे दगावतात. उघडा माथा आणि त्यावरचे एकाकी झाड या दोन्ही जागा अशा वेळी सर्वांत वाईट. गडगडाट कानी आला की माथ्याकडे पाठ करावी, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा चढू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे अ‍ॅप मुलांकडून फोनवर घालून घ्यावे. निघण्यापूर्वी ते पाहण्याची सवय लागली की वाद निम्मे कमी होतात. पुरता उजेड झाल्याशिवाय निघूही नये. गवत वाढलेले असते, दगडांच्या कपारींत फुरशासारखा विषारी साप असू शकतो. म्हणून बसण्यापूर्वी काठीने जागा चाचपावी आणि कपारीत हात घालू नये. दंश झालाच तर बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काही न करता, हात-पाय न हलवता थेट घाटी गाठावी.

घरी परतल्यावर ओले कपडे आधी बदला, चहा नंतर. पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या टिपा. पावसाळ्यातील चिखल्या तिथूनच सुरू होतात. तळपाय स्वतःला दिसत नसतील तर आरसा धरा किंवा नातवंडाला पाहायला सांगा. गुडघ्याला सूज येऊन दोन दिवसांत उतरली नाही, तर पुढच्या खेपेला अर्ध्या वाटेवरूनच परतावे. आणि मोजे उलटे करून धुवावेत, कारण भाद्रपदात गवत पिकू लागले की त्यातली कुसळे आत अडकून राहतात आणि मधुमेही पायाला तेवढीही पुरेशी असतात.